बंडोपंतांचं पोट

पुणं सोडलं त्या दिवशी मला निरोप द्यायला दोन गाड्या आणि एक टेम्पो भरून माणसं आली होती. टेम्पोवाल्याला मी ओळखतही नव्हतो, पण सगळ्यांत जास्त तोच रडला. बाबा एवढंच म्हणाले, "तिकडे उगाच कुणाच्या भानगडीत पडू नकोस." मी मान डोलावली. आणि आज मी श्टुटगार्टजवळच्या एका खेड्यात, चिखलात गुडघे टेकून, एका अल्पाकाच्या पोटाला कान लावून बसणारा माणूस आहे.

तिकडे राहिलेल्यांना हे खरं वाटणार नाही, इकडे आलेल्यांना नवल वाटणार नाही. गेर्लिंगेनला नोकरी होती, बायको मुग्धा होती, मुलगी ईरा झाली होती. नव्हती ती फक्त वोनुंग. इथे भाड्याचं घर मिळायला पूर्वजन्मीचं पुण्य लागतं, आणि तेही जर्मन भाषेत, तीन प्रतींत. एका बागवाल्या घरासाठी तर अर्धं जर्मनी रांगेत होतं. घरमालकीण केलरबाईंनी अट सांगितली आणि रांग पांगली. मागच्या कुरणातले दोन अल्पाका सांभाळायचे. ते सुखात, तोवर घर तुमचं. मी 'या, गेनाऊ', म्हणजे 'हो, अगदी', म्हणत सही ठोकली. अल्पाका म्हणजे काय, ते नंतर पाहिलं. मेंढीने उंटाशी पळून जाऊन लग्न केलंय आणि दोन्हीकडच्यांनी अजून माफ केलेलं नाही, असा चेहरा.

मादी हेल्गा. ती खिळे पचवेल. नराला आम्ही बंडोपंत म्हणू लागलो. त्यांना तीन कप्प्यांचं पोट, आणि एकाही कप्प्याचं दुसऱ्याशी पटत नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग बाबा गेले आणि पुढच्या चैत्राच्या तोंडावर आई व्हिसाचे तीन महिने घेऊन आमच्याकडे आली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बंडोपंत आडवे. पोट ताशासारखं टणक, दात करकरतायत, बसतायत, उठतायत, कण्हतायत. जनावरांची डॉक्टरीण आली, नळी घातली, औषध ओतलं. रामनवमीनंतर पुन्हा तेच. तिने लेंड्यांचा नमुना मागितला. मी तो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून एस-बान लोकलने घेऊन गेलो. आयुष्यात प्रथमच मला अख्खा डबा बसायला मिळाला. नमुना निर्दोष निघाला. दोष फक्त माझ्या कपड्यांत राहिला.

अक्षय्य तृतीयेनंतर तिसऱ्यांदा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाव देता का, गोड काही? मी भडकलो. म्हटलं बाई, आमच्याकडे माणसांनाही गोड मिळत नाही, आईला डायबेटिस आहे. त्या शांतपणे म्हणाल्या की रात्रीपर्यंत पोट मोकळं झालं तर ठीक. नाहीतर आशा सोडा.

त्या गेल्या आणि मुग्धा म्हणाली, "अरे, हा सण बघूनच कसा आजारी पडतो?"

ईराला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. तिने मान वर न करता जर्मनमध्ये सांगितलं की आजी त्याला पुरणपोळी घालते, तूप लावून. तुम्हाला माहीत असेल असं तिला वाटलं होतं.

आई अजिबात वरमली नाही. "नैवेद्याचं पान गाईला जातं. इथे गाय कुठून आणू? दारात मुकं जनावर उभं असताना आपण आधी गिळायचं?"

"अगं आई, गूळ-कणीक त्याच्या पोटात आंबते. मरेल तो."

"पुरणाने कुणी मरत नाही."

"मग तुला डॉक्टरांनी का बंद केलंय?"

आई हळू म्हणाली, "मला चालत नाही. तुम्ही एकेक पोळी खाऊन डायट म्हणता. तुझे बाबा होते तोवर ठीक होतं. आता बंडोपंत एकटाच मागून घेतो रे."

आईने पदर खोचला, कुरणात गेली, बंडोपंतांशेजारी गवतात बसली आणि त्यांच्या पोटावरून हात फिरवत राहिली. आम्हीही गेलो. संध्याकाळभर चार शिकलेली माणसं एका अल्पाकाच्या शेपटीकडे बघत बसलो. उजेड जाता जाता ते उठले, डुलत ठरल्या जागी गेले आणि मोकळे झाले. आईने हात जोडले. मुग्धा रडली. इथे राहायचं ब्लू कार्ड मिळालं तेव्हा घरात याच्या निम्मासुद्धा आनंद झाला नव्हता.

वटपौर्णिमेला आईने पानावर वाळलं गवत वाढलं, भोवती पाणी फिरवलं आणि ते पान बंडोपंतांपुढे ठेवलं. त्यांनी गवत हुंगलं, पोळी नाही हे ताडलं, आणि माझ्यावर थुंकले. आईवर नाही. माझ्यावर.

व्हिसा संपला, आई परत पुण्याला गेली. आता फोनवर मी जेवलो का, हे कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न, "बंडोपंतांना साफ झाली का?" सोसायटीतल्या बायकाही मागून विचारतात. काल म्हणाली, तिकीट काढ, चैत्राच्या आत घरी यायचंय. मी म्हटलं, अगं, तू घरीच आहेस की.

"इथे कोण आहे माझं? जनावर तिथे आहे ना."

मी इथे आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, केली, भाषेच्या परीक्षा दिल्या, घराला पडदे लावले, दारात तुळस जगवली. तरी आईच्या तोंडी ते कायम 'तुमच्याकडे' होतं. त्याला 'घरी' करायला एक गॅस धरणारा, थुंकणारा, कृतघ्न प्राणी लागला. मी निमूटपणे तिकीट काढलं.