ताईची अमेरिकन सायकल
रॉकेलचा वास आला की मला नागभीडजवळच्या आमच्या घराचं अंगण आठवतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. माझी मोठी बहीण एटापल्लीकडच्या जंगलात नर्स होती. तिथल्या एका परदेशी डॉक्टरीणबाईंनी मायदेशी परतताना आपली निळी सायकल तिला देऊन टाकली होती. सायकलवर अमेरिकन कंपनीचं नाव होतं आणि ताईला त्याचा भारी अभिमान. सुटीवर आली की ती हसत म्हणायची, "बाबा, अमेरिकेची आहे, जपून हात लावजा." पुढच्या पावसाळ्यात तिला मलेरिया झाला, ताप डोक्यात चढला आणि ती गेली. दवाखान्यातल्या लोकांनी सायकल तेवढी घरी पोचवली. धानाची कापणी संपल्यावर एका सकाळी बाबांनी ती अंगणात उलटी केली आणि रॉकेलच्या चिंधीनं पुसायला बसले. पायडलजवळच्या नळीचा वाळलेला चिखल निघाला तशी खाली बारीक अक्षरं दिसली. "पाह्य बरं, काय लिहून आहे?" बाबांनी मला विचारलं. मी वाचलं, "मेड इन जपान." बाबा कितीतरी दिवसांनी हसले. "म्हणजे जपानची आहे होय! थांब, तिले सांगतो," म्हणत ते उठले आणि घराकडे तोंड करून त्यांनी ताईला मोठ्यानं हाक मारली. माय धावत दारात आली. बाबा तिच्याकडे पाहत तसेच उभे राहिले, मग परत सायकलीजवळ बसून नळी पुसू लागले. त्या काळी अमेरिकन कंपन्या जपानमधून सायकलींचे सांगाडे बनवून घेत आणि वर आपलं नाव लावत, हे मी परवा कुठंतरी वाचलं. वाचून झाल्यावर मलाही पहिल्यांदा वाटलं, ताईला सांगावं.