कठड्यावरची पपई

सगळं जग कोकिळेच्या आवाजावर खूश असतं. माझी आई मात्र तो आवाज ऐकला की हातातलं लाटणं घेऊन गच्चीवर धावायची.

आमचं घर उज्जैनच्या देवास गेटपासून थोडं आत आहे. मागे मोठा कडुनिंब, आणि त्यावर कावळ्यांची एक जोडी. हे कावळे आईने पाळलेच होते म्हणायचं. रोजची पहिली पोळी त्यांची. त्यात भूतदया थोडी, दूरदृष्टी जास्त. श्राद्धाच्या दिवशी कावळा पानाला शिवल्याशिवाय आमच्याकडे कुणी जेवत नाही, आणि उज्जैनमध्ये बारा महिने कुणाचं ना कुणाचं श्राद्ध असतंच. त्यामुळे इथल्या कावळ्यांना भारी मिजास. "आपल्या पहचानचे असलेले बरे," आई म्हणायची.

बाबा त्याच गच्चीच्या कठड्यावर रोज पपईची फोड ठेवायचे, आणि ती खायला यायचा कोकीळ. काळाकुळकुळीत, डोळे लालभडक. आईच्या मते हे कोकीळ-कोकिळेचं जोडपं म्हणजे अट्टल गुन्हेगार. नवरा कावळ्यांना चिडवून लांब नेतो, तेवढ्यात ठिपक्याठिपक्यांची बायको त्यांच्या घरट्यात अंडं घालून मोकळी.

"पोरं टाकायची दुसऱ्याच्या घरी आणि वर गाणी म्हणत फिरायचं! आणि तुम्ही तिच्या नवऱ्याला पपई चारता."

"अगं, त्याला भूक लागते," बाबा म्हणायचे. एवढाच त्यांचा युक्तिवाद.

एका उन्हाळ्यात आमची कावळी कोकिळेचं पिल्लू घेऊन कठड्यावर आली. पिल्लू चांगलं थोराड झालेलं, तरी चोच वासून ओरडत होतं आणि ती बिचारी आईची पोळी मऊ करून त्याला भरवत होती. आईने कपाळावर हात मारला.

"बघा, किती मूर्ख! आपलं कोण, परकं कोण, काही कळत नाही."

"कळत असेल," बाबा म्हणाले. "तरी भरवते."

आई तशीच खाली निघून गेली. बाबा मूळचे धारचे. त्यांच्या मूल नसलेल्या आत्याने त्यांना लहानपणी दत्तक घेतलं आणि या घरात वाढवलं. ते त्याविषयी कधी बोलत नसत. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा लाटणं घेऊन गच्चीवर होती, पण आधी पपई संपू दिलेली.

गेल्या उन्हाळ्यात बाबा गेले. यंदा त्यांचं वर्षश्राद्ध आलं. आईला एकच घोर होता, कावळा शिवेल ना? नाही शिवला तर ह्यांचं मन कशात तरी अडकलंय असं होईल, आणि मला आयुष्यभर चैन पडणार नाही, असं ती मला चार वेळा म्हणाली.

पान कठड्यावर ठेवलं. भात, वडे, खीर आणि बाबांना आवडायची म्हणून पपईची फोड, ती आईने स्वतः ठेवली. आम्ही हात जोडून लांब उभे राहिलो. कावळे निंबावर बसून होते. इतक्या वर्षांच्या पोळ्या खाल्लेले ते दोघे ढिम्म हलले नाहीत. मी "काव काव" करून पाहिलं. शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवरून म्हणाल्या, "अरे, ये ना बाबा, इतना मना रहे हैं!" कावळ्याने मान फिरवली. मला इतका राग आला की लाटणं आणावंसं वाटलं.

गुरुजींना पुढे रामघाटावर जायचं होतं. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करू आणि शिववू पानाला. चालतं." आणि दर्भाच्या काड्या वळायला बसले. आईचा चेहरा पडला. ती म्हणाली, "थोडं थांबा. प्लीज."

तेवढ्यात पंखांची फडफड झाली. कोकीळ आला, लाल डोळ्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि सरळ पपईत चोच घातली. मी त्याला हाकलायला पुढे झाले. आईने माझा दंड धरला.

"शिवला," ती म्हणाली.

गुरुजींनी चष्मा वर केला. "आई, ही तर कोयल आहे. कावळा पाहिजे."

"वाढला कुणाच्या घरट्यात?"

"कावळ्याच्या. पण..."

"मग कावळाच. ज्यांनी वाढवलं त्यांचा. आमच्या घरी असंच धरतात."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि अर्धा वळलेला दर्भ खाली ठेवला. "नाही चालत असंही कुठे लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "पानं घ्या."

मी पानं वाढायला खाली निघाले. वळून पाहिलं तर आई कठड्याजवळ उभी होती, डोळ्यांना पदर लावून.

"आरामात खा," ती त्याला सांगत होती. "आता कोणी भगावत नाही."