शेवटच्या दृश्यातला श्वास

माझी मावशी डबिंग करायची. परक्या भाषेतल्या सिनेमांना आपल्या भाषेत आवाज द्यायची. राण्या, चेटकिणी, वकिलीणबाई, सात-आठ वर्षांची पोरं, एकदा तर एक शेळीसुद्धा. तिचा चेहरा कोणाच्या ओळखीचा नव्हता; पण दुकानात ती "अर्धा किलो द्या" म्हणाली की शेजारची बाई चमकून वळायची, हा आवाज कुठे ऐकलाय ते आठवायचा प्रयत्न करायची आणि शेवटी कपाळाला आठ्या घालून निघून जायची.

मावशीने लग्न केलं नाही. या विषयावर आमच्या घरात प्रत्येकाकडे मत होतं, माहिती फक्त माझ्याकडे होती. माझी आई म्हणजे तिची थोरली बहीण, ती आपलं एकच पालुपद लावायची, "चांगली चांगली स्थळं आली, हिने एकाला हो म्हटलं नाही. कुठल्या राजपुत्राची वाट बघतेय देव जाणे!" राजपुत्र वगैरे काही नव्हतं. एक रेकॉर्डिस्ट होता.

स्टुडिओत मावशी काचेच्या आतल्या खोलीत माइकपुढे उभी राहायची आणि तो काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून बसायचा. माणूस अबोल. त्याचं सगळं बोलणं तिच्या हेडफोनमधून यायचं आणि ते बहुतेक "पुन्हा एकदा घेऊ या" एवढंच असायचं. चांगलं झालेलं वाक्यसुद्धा तो पुन्हा घ्यायला लावायचा. आधी तिला राग यायचा. मग तिच्या लक्षात आलं की इतर कोणाची चांगली झालेली वाक्यं तो पुन्हा घ्यायला लावत नाही. त्यानंतर ती मुद्दाम एखाद्या शब्दाला अडखळायला लागली. दोघांची मजल एवढीच. मला विचाराल तर दोघेही महामूर्ख!

त्यांनी मिळून केलेला शेवटचा सिनेमा होता अंतराळातल्या प्रेमकथेचा. एक वैमानिक दूरच्या ताऱ्याकडे जातो. त्याचे तिकडे काही महिने जातात, इकडे पृथ्वीवर सगळं आयुष्य सरत येतं. वाट बघणारी त्याची प्रेयसी हुबेहूब स्वतःसारखं एक यंत्र करवून घेते. आपण तोवर जगलो नाही तर तो आल्यावर दार उघडायला कोणीतरी हवं ना! शेवटी तो येतो. खिडकीशी डोक्यावरून शाल घेतलेली एक बाई पाठमोरी उभी असते. तो विचारतो, "तू तीच आहेस ना?" आणि पडदा काळा होतो.

मूळ सिनेमात तिथे शांतता आहे. आपल्या भाषेतल्या सिनेमात मात्र पडदा काळा होण्याआधी एक श्वास ऐकू येतो. बोलण्यासाठी माणूस घेतो तसा. बस, त्या श्वासाने सगळ्यांना कामाला लावलं. यंत्र कशाला श्वास घेईल, म्हणजे ती जिवंत आहे, असं म्हणणारे एकीकडे. एवढं हुबेहूब यंत्र करणारे लोक श्वास घालायला विसरतील होय, असं म्हणणारे दुसरीकडे. माझे दोन मामेभाऊ यावरून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते.

तो श्वास मावशीचा होता, आणि संहितेत नव्हता. ते काम संपलं की रेकॉर्डिस्ट नोकरीसाठी परदेशी निघणार होता. प्रेयसीचं शेवटचं वाक्य ती बोलून झाली, पडद्यावर वैमानिकाचा प्रश्नही येऊन गेला, आणि तिच्या हेडफोनमध्ये आवाज आला, "छान झालं. येतो मी." त्याच्या खोलीतला दिवा गेला. काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसायला लागला. 'थांबा' म्हणायला तिने श्वास घेतला आणि शब्द काही फुटला नाही. ती बाहेर आली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

पुढे थिएटरात तिने तो श्वास ऐकला. हा माणूस टेपवरचा प्रत्येक श्वास, प्रत्येक खाकरणं वेचून काढायचा, तांदळातले खडे काढावेत तसं. त्याने हा एकच ठेवला होता. म्हणजे त्याने ऐकलं होतं. काही वर्षांनी तो तिकडेच वारल्याची बातमी आली, तेव्हा आवाज बसल्याचं निमित्त करून मावशीने बरेच दिवस काम घेतलं नाही. माझं एक ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा तिने मला हे सगळं सांगितलं. "बोलला नाही म्हणजे मनात काही नव्हतं असं नसतं गं," ती म्हणाली. "त्याने ठेवला ना!" एवढ्यावर तिचं आयुष्य चाललं होतं. मला कधी कीव यायची, कधी हेवा वाटायचा.

परवा तो सिनेमा पुन्हा लागला. खेळानंतर गप्पांचा कार्यक्रम होता. मी मावशीला घेऊन गेले, ती कधी नव्हे ती चांगली साडी नेसून आली होती. स्टेजवर तेव्हाचा मिक्सिंगवाला होता, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवणारा; आता टक्कल पडलेला, गप्पिष्ट. अपेक्षेप्रमाणे पहिलाच प्रश्न आला, त्या श्वासाचा अर्थ काय?

"अहो, कसला अर्थ घेऊन बसलात!" तो म्हणाला. "चूक आहे ती. आमच्या रेकॉर्डिस्टला त्या दिवशी विमान गाठायचं होतं. हेडफोन खुर्चीवर फेकून पळाला, टेपसुद्धा चालूच ठेवून. पुढचं त्याने ऐकलंच नाही. साफसफाई माझ्या गळ्यात आली आणि मी पक्का आळशी. राहिला श्वास, तो राहिला!"

हॉलमध्ये हशा पिकला. मी मावशीकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात त्याने तिच्याकडे बोट दाखवलं आणि ती कोण ते सूत्रसंचालिकेला कळलं. माइक आमच्या रांगेत आला. "मॅडम, आता तुम्हीच सांगा. त्या श्वासानंतर तुम्ही काय म्हणणार होतात?"

मावशी उभी राहिली. तिचा आवाज अजून तसाच आहे, स्वच्छ. "काही नाही हो," ती म्हणाली. "खोकला येत होता, तो दाबला."

लोक पुन्हा हसले. टाळ्यासुद्धा वाजल्या. मला त्या मिक्सिंगवाल्याच्या टकलावर खुर्ची घालावीशी वाटली.

घरी आल्यावर ती साडी न बदलता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली. मी तडतडत होते. एवढ्या वर्षांनी त्याला काय डोंबल आठवतंय, स्टेजवर चढलं की माणसं काहीही ठोकून देतात, वगैरे.

"नाही गं," ती म्हणाली. "खरंच बोलला तो. घाईत असणारच ना, विमान होतं."

मी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. तिने तो तसाच धरून ठेवला.

"मला वाटायचं, मी त्याला 'थांबा' म्हटलं आणि त्याला थांबता आलं नाही," ती म्हणाली. "मी म्हटलंच नव्हतं."