खाऱ्या पट्टीतला पाला

उन्हाळ्यात आमच्या शिवारात हिरवं म्हणून काही नजरेला पडत नाही. पडलंच तर आधी संशय घ्यावा, हे मला त्या दिवशी कळलं. जन्मभर शेळ्या राखल्या, तरी तोवर कळलं नव्हतं बघा.

आमच्या रानाच्या खालच्या अंगाला कालव्याचं पाणी पाझरून पाझरून एक पट्टी पांढरी पडली. जमिनीवर मीठच फुटलंय. ज्वारी टाकली तर उगवत नाही. पण तिथंच एक बुटकं झाड पसरत चाललं होतं. पानं बारीक, गुबगुबीत, शेंड्याला लालसर. जिभेला लावलं तर खारट. शेळ्यांना खारट लई आवडतं, गोठ्यात आम्ही मिठाचा खडा टांगतोच की. मला वाटलं, आयताच चारा झाला. चारी शेळ्या तिथं सोडल्या आणि बांधावर टेकले. त्यातली काळी गाभण, पंधरा दिवसांत विणार होती.

दुपारी घरी आणल्या तर काळीचे पाय लटपटत होते. मान खाली, रवंथ बंद. बाकीच्या तिघीही सुस्त. म्हटलं, किरळ लागली. दुष्काळात खुरटलेल्या ज्वारीचा कोवळा फुटवा खाल्ला की जनावराला विष होतं, ती किरळ. आणि किरळीवर पाणी प्यायलं की जनावर गेलंच, असं माझ्या आईनं सांगितलेलं. ज्वारीचा इथं पत्ता नव्हता, तरी भीतीत दुसरं काही सुचेना. पाण्याच्या बॅरलवर फळी ठेवली, फळीवर दगड. काळी त्या फळीला तोंड घासत होती आणि मी तिला हातानं मागं ढकलत होते. आमचे मालक मंद्रूपच्या बाजाराला गेलेले. जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला, तर ते म्हणाले, यायला संध्याकाळ होईल.

घरात धाकटी सून होती, सुट्टीला आलेली. तिचं माहेर रायगडात, खाडीकाठी. आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात, ती मला आई म्हणते. काळीच्या ओठाला चिकटलेला पाला तिनं काढला आणि दाताखाली धरला.

"आई, हे आमच्या मोरससारखं लागतंय."

तिच्या माहेरी म्हणे भरतीचं पाणी खाजणात शिरतं, तिथल्या चिखलात हे माजतं. मीठ ओढतं आणि पानात साठवतं. बायका त्याची भाजी करतात, पण उकडून पहिलं पाणी फेकतात. मी म्हटलं, समुद्र कुठं नि आपण कुठं. ती म्हणाली, तिकडं भरती-ओहोटीनं थोडं मीठ धुऊन तरी जातं, इथं नुसतं साठत चाललंय.

मग तिनं बॅरलकडं बघितलं. "शेळ्यांना पाणी नाही दाखवलं?"

"न्हाय दाखवायचं, पोरी. मरतील."

"पाण्यावाचूनच मरतील, आई. आमच्याकडची शेरडं खाजणातनं आली की आधी पाण्यावर जातात. फक्त एकदम नको, थोडं थोडं."

आता मी कुणाचं ऐकायचं? गेलेल्या आईचं, का परवा आलेल्या सुनेचं? चुकलं तर काळी माझ्याच हातानं जाणार, आणि पोटातलंही. शेवटी फळीवरचा दगड उचलला. खोटं कशाला सांगू, आधी म्हातारी शेळी पुढं केली. म्हटलं, काय व्हायचं ते तिच्यावर कळेल. ती तांब्याभर प्यायली आणि उभीच राहिली. अर्धा तास मी तिच्या तोंडाकडं बघत होते. मग तिनं मान वर केली.

तेव्हा काळीला नि बाकीच्या दोघींना पाजलं. तांब्याभर, थोडं थांबून परत तांब्याभर. डॉक्टर आले, पाला बघितला, म्हणाले, सुनेचं ऐकलंत ते बरं केलंत, काळी वाचेल. पिलाचं विचारलं तर म्हणाले, पोटावर हात ठेवून बघत राहा.

दिवस मावळेपर्यंत मी काळीच्या पोटावर हात ठेवून बसले. ती हळूहळू रवंथ करायला लागली. हाताखाली मात्र बराच वेळ काहीच नाही.

मग हललं.