ज्याचा चेहरा त्याच्या हाती

शब्बीरभाऊ फोटो देत, तेव्हा त्याच्यासोबत उलटा फोटोही देत. उलटा म्हणजे ज्यात चेहरा काळा आणि केस पांढरे दिसतात तो कागद. आमच्या आठवडी बाजारात, विहाराच्या भिंतीला लागून, त्यांची लाकडी पेटी तीन पायांवर उभी असायची. काळ्या बाहीतून पेटीत हात घालून ते आतल्या आत कागद औषधात धूत. आधी उलटा निघे. मग तो पेटीसमोर लावून त्याचाच पुन्हा फोटो काढला, की सुलटा. त्यांचे वडीलही असेच काढत. कागदावरून कागद, ही फार जुनी रीत आहे, म्हणत.

वाघांच्या जंगलाकडे जाणाऱ्या मोहर्लीच्या रस्त्यावर रंगीत स्टुडिओ निघाला. तो मालक त्यांना हसायचा. उलटा देऊन टाकला तर गिऱ्हाईक परत कशाला येईल? शब्बीरभाऊ म्हणत, "न्हावी केस कापते, डोकं ठेवून घेते काय?"

लग्नानंतर मी पहिला फोटो त्यांच्याकडेच काढायला गेले. मान वर होईना. ते रागावले नाहीत. "बाई, मन नसन तं नका काढू. पेटी कुठी पळून नाई चालली." मी पुढच्या बाजारी गेले.

काही वर्षांनी ती गोष्ट झाली. मी तलावावर धुणं धूत होते, पातळ गुडघ्यावर खोचलेलं. वाघ पाहायला आलेल्यांची जिप्सी थांबली, एकानं फोटो काढला आणि ते निघून गेले. पुढे एका रिसॉर्टच्या फाटकावर मी भिंतीएवढी उभी. उघड्या पायांची. गावातली पोरं मला हिरोईन म्हणू लागली. मी तलावावर जाणं सोडलं. घरचे म्हणाले, गप्प राहा, तिथं आपल्या लोकांना काम मिळतं. तो फोटो उतरावा, एवढंच मला हवं होतं. पण माझ्यासोबत यायला कोणी तयार नव्हतं.

शब्बीरभाऊंना हे कळलं. ते बाजारातून तसेच, पेटी खांद्यावर घेऊन माझ्यासोबत आले. मॅनेजर गोड बोलला. फोटो आम्ही विकत घेतला आहे, हवं तर खाली बाईंचं नाव लिहू, म्हणाला. आजही ते आठवलं की अंगाची आग होते. शब्बीरभाऊ माझ्याकडे वळले. "मी नाई बोलत. चेहरा तुमचा हाय, तुम्ही बोला."

मी खाली पाहत म्हटलं, "मले नाई पायजे. उतरवा."

तो हसला. तेव्हा शब्बीरभाऊंनी पेटी त्याच्यासमोर उभी केली आणि भिंगाच्या झाकणाला हात लावला. मॅनेजरनं झटकन तोंड झाकलं. कोणाला विचारून फोटो काढतोस, म्हणून ओरडला. चौकीदारानं आम्हाला बाहेर ढकललं. पेटीचा एक पाय मोडला.

रस्त्यावर मी विचारलं, त्याचा फोटो आला का? ते म्हणाले, "कागदच नोता टाकला. त्यानं हो कुठी म्हटलं होतं?"

माझा फोटो कोणी उतरवला नाही. उन्हापाण्यात तो विटत गेला, मग त्याच्या जागी वाघ आला. शब्बीरभाऊ त्याआधीच वारले. रिसॉर्टवाल्यांनी चूक कधी मानली नाही, आणि मीही त्यांना माफ केलेलं नाही.

मी आता पुन्हा तलावावर जाते. जिप्सी थांबते, कोणीतरी कॅमेरा उचलतो. मी हातातला कपडा दगडावर ठेवते, सरळ उभी राहते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, "नाई." पातळ मात्र खाली सोडत नाही.