गावकुसाचा उंचवटा

पाहणीला आलेल्या साहेबांनी आमच्या गावाभोवतीचा मातीचा उंचवटा टेपनं मोजला आणि वहीत लिहिलं, ‘जुनं गावकूस असावं; खात्री नाही.’ माझं डोकंच फिरलं. पावसानं झिजून भिंत गुडघ्याएवढी उरली, म्हणून ती नव्हतीच? आमच्या कित्येक पिढ्या तिच्याबाहेर राहिल्या. आत शिरताना त्यांना पायातल्या वहाणा हातात घ्याव्या लागत.

तेवढ्यात आमच्या वस्तीवरून माझी म्हातारी चुलती आली. साहेबांनी तिला विचारलं, “मावशी, इथं भिंत होती का हो?”

“मला अडाणीला काय ठावं, सायेब?” असं म्हणत तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि उंचवटा ओलांडला.

आता तिला कुणी अडवत नाही. तरीही.

आणि साहेब टेप घेऊन अजून भिंतच शोधत होते!