उलटीवरची सुपारी

टोकावड्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवते आणि वर्षातून एकदा व्यसनमुक्ती. हा दुसरा विषय मी मागून घेतलेला नाही. बाई बोलते बरी, म्हणून गळ्यात पडला. शपथ, फेरी, पोस्टर, पाहुण्यांचं भाषण. मुलं हात पुढे करून दारू, गुटखा, तंबाखूला नाही म्हणतात आणि हात खाली घेतात. एका वर्षी भाषण संपल्यावर आम्ही पाहुण्यांपुढे बडीशेप-सुपारीची ताटली फिरवली. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

पुढच्या वर्षी मी हट्टाने दातांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी भाषण केलंच नाही. म्हणाल्या, "तीन बोटं जोडून उभी तोंडात घाला बघू." सगळी शाळा खिदळली. पाचवीची पोरं तर बोटांसकट बोलायला लागली. नववीच्या रांगेत एक मुलगी मात्र तोंडावर ओढणी धरून उभी होती. हुशार, आवाज खणखणीत. शपथ वाचायला आम्ही दरवर्षी तिलाच उभं करायचो. डॉक्टरीणबाईंनी ओढणी बाजूला केली. तिचं एक बोट कसंबसं आत गेलं. मैत्रिणी म्हणाल्या, ती डब्यातली चटणी कधी खात नाही, तोंडात आग होते.

"गुटखा खातेस?" मी विचारलं.

"नाय बाई. गोड सुपारी. एस्टीत फक्त."

"नुसत्या सुपारीनेही तोंड असं आवळतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मी तिच्या पाड्यावर गेले. कोणावर तरी ओरडायचं ठरवूनच चढण चढले होते. आई भात झोडून नुकतीच आली होती, केसांत पेंढा अडकलेला.

"सुपारी कोण देतं हिला?"

"मीच देते बाई," ती म्हणाली. "तिला गाडी लागते ना. पाचवीत गेली तवा रोज उलटी. कपडे भरायचे, पोरं हसायची. शाळा नको म्हनायची. मंग कुनी सांगितला, सुपारी चघळाय दे. दिली, तर थांबली. नायतर पोर घरीच बसली असती."

"अहो, पण तिचं तोंड बंद होत चाललंय!"

केसांतला पेंढा काढत ती म्हणाली, "सुपारी तर आमी देवापुढे ठेवतो, बाई."

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. त्या बाईने पोरीला शाळेत टिकवलं होतं. बोल लावायचा कोणाला? उतरताना मला रडू आलं, ते मी रस्त्याला लागेपर्यंत येऊ दिलं.

सुपारी सुटली. पोरीने सोडली, तिच्याबरोबर आईनेही. कंडक्टरला सांगून मी तिला पुढच्या सीटवर बसवू लागले. तोंडाचे व्यायाम ती नेमाने करायची. पण डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, आवळलेलं पुन्हा पहिल्यासारखं सैल होत नाही, आणखी आवळू नये एवढंच बघायचं.

तेव्हापासून आमच्या शपथेत सुपारी आली. शहापूरकडे, सापगावला माहेरी गेले तरी मी तेच दळण दळते. बायका म्हणतात, "हिला सुपारीचा येड लागलाय." लागू दे.

गेल्या उन्हाळ्यात त्या पोरीचं लग्न झालं. बारावी झाली होती, नर्सिंगचं म्हणत होती, ते राहिलं. पंगतीत नवरा-नवरी शेजारी बसली, समोर आम्ही. नवऱ्याने उखाणा घेतला, अख्खा लाडू उचलला आणि तिच्या तोंडाशी नेला. बायका ओरडल्या, "तोंड उघड गो, लाजतेस काय!" तिने उघडेल तेवढं उघडलं. लाडू ओठांवर अडला. सगळा मांडव हसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही लाजेच्या खाती जमा झालं.

आई वाढत होती. हातातलं पातेलं खाली ठेवून ती आली, जावयाच्या हातातला लाडू घेतला आणि ताटात कुस्करला. "बारीक करून भरवा, जावईबापू."

"का हो, आई?" पोराने सरळ मनाने विचारलं.

मुलाकडच्यांना आईने काहीच सांगितलेलं नव्हतं. ती कुस्करत राहिली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. गावोगाव सुपारी समजावत फिरणारी मी, माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही.